कादंबरीवरचा भयपट फसला, तर त्याचे परीक्षण कसे लिहावे

लोकप्रिय कादंबरीवर भयपट निघतो, कादंबरी वाचलेली मंडळी पहिल्याच आठवड्यात तो पाहून येतात आणि त्यानंतर जे परीक्षण लिहिले जाते त्याचा सारांश बहुधा एवढाच निघतो, की पुस्तक फार चांगले होते आणि चित्रपटाने त्याची पार माती केली. हे मत चुकीचे असेलच असे नाही; पण ज्याने पुस्तक वाचलेले नाही त्याला त्यातून काही कळत नाही, आणि ज्याने वाचले आहे त्याला तर ते आधीच ठाऊक असते. ठाण्यात नौपाडा-पाचपाखाडीपासून घोडबंदर रस्त्यापर्यंत, आणि खाडीपलीकडे वाशी-नेरुळकडेही, महिन्यातून एखाद्या रविवारी जमणारे छोटे वाचनगट आहेत. अशा गटासाठी पुस्तकावर आणि त्यावरून निघालेल्या चित्रपटावर टिपण लिहिण्याची जबाबदारी ज्यांच्यावर येते, त्यांना उपयोगी पडेल अशी एक पद्धत येथे मांडली आहे. तिचा सारा भर एकाच प्रश्नावर आहे: कादंबरीत भीती नेमकी कशातून निर्माण होत होती, आणि चित्रपटाने त्या जागी काय आणून ठेवले?

चित्रपट पाहण्याआधी

तिकीट काढल्यावर पहिली इच्छा होते ती कादंबरी पुन्हा वाचून काढण्याची. ती तूर्त आवरावी. त्याऐवजी एक कोरा कागद घेऊन, पुस्तक न उघडता, त्यातले जे प्रसंग आपल्याला आजही आठवतात ते लिहून काढावेत आणि प्रत्येकासमोर आपल्याला त्या वेळी काय वाटले होते तेही एका ओळीत नोंदवावे. अनेक वर्षांनंतरही मनात टिकून राहिलेले प्रसंग हे बहुतेक वेळा कथानकातले मोठे प्रसंग नसतात. भूत दिसले तो प्रसंग विसरला जातो, आणि भूत दिसण्याआधी घरातली माणसे जेवायला बसून एकमेकांशी काय बोलत होती ते मात्र आठवते. हा कागद पुढे सर्वांत मोलाचा ठरतो, कारण कादंबरीची पकड कोठे होती हे त्यावर आपल्याच हस्ताक्षरात लिहिलेले असते. तो पूर्ण झाल्यावर खुशाल पुस्तक उघडावे. ठाणे मराठी ग्रंथसंग्रहालयासारखी 1893 पासून चालत आलेली संस्था ज्या शहरात आहे, तेथे पुस्तक मिळवण्याची अडचण सांगून स्मरणावरच परीक्षण उरकण्याला तशी सबब नाही. मूळ इंग्रजी कादंबरी आपण मराठी अनुवादातून वाचली असेल, तर ते टिपणात सांगावे, कारण वाक्यांच्या लयीतून येणारी भीती अनुवादात कमी-अधिक झालेली असू शकते आणि तिचे श्रेय किंवा दोष चुकीच्या माणसाच्या पदरात पडता कामा नये.

झलक मात्र पाहू नये. भयपटाच्या जाहिरातीत कथेतला सर्वांत मोठा बदल उघड करण्याची खोड निर्मात्यांना असते, आणि तो बदल आधीच कळला तर आपण चित्रपटगृहात वाद घालण्याच्या तयारीनेच शिरतो.

चित्रपटगृहात

येथे फार सांगण्यासारखे नाही. मोबाइलच्या उजेडात टिपणे घेऊ नयेत; शेजाऱ्याला त्रास होतो आणि आपलेही लक्ष तुटते. अंधारात लहान वहीवर एकेक शब्द खरडता येतो, तेवढा पुरतो. दोन गोष्टी मात्र जाणीवपूर्वक नोंदवाव्यात. एक म्हणजे आपण केव्हा दचकलो आणि केव्हा घाबरलो, हे वेगवेगळे लिहावे. कानठळ्या बसवणारा आवाज अचानक आला की कोणीही दचकतो, त्यासाठी कथेची गरज नसते. भीती मात्र त्या आवाजाआधीच्या शांततेत साचत गेलेली असावी लागते आणि आवाज विरल्यावरही ती उरावी लागते. ज्या भयपटात दचकण्याच्या जागा भरपूर आणि घाबरण्याच्या जागा एकदोनच निघतात, त्याच्या अपयशाचे अर्धे कारण वहीतच सापडते.

दुसरी गोष्ट मध्यंतराची. परदेशी चित्रपट मध्यंतर गृहीत धरून रचलेले नसतात, आणि आपल्याकडे ते साधारण मध्यावर थांबवले जातात. भयपटात हे फार नुकसानीचे असते, कारण अर्धा तास हळूहळू चढवलेला ताण समोशाच्या रांगेत उतरून जातो. उत्तरार्ध सैल वाटला, तर तो दिग्दर्शकाचा दोष आहे की त्या दहा-पंधरा मिनिटांचा, याचा विचार केल्याशिवाय निकाल देऊ नये. शक्य असल्यास तोच भाग पुढे घरी सलग पाहावा. घोडबंदर रस्त्यावर रात्रीचा शेवटचा खेळ संपवून घरी पोहोचल्यावर लगेच लिहायला बसणेही टाळावे. त्या वेळी चीड ताजी असते, आणि चिडून लिहिलेले परीक्षण वाचायला मजेदार, पण उपयोगाला कमी असते.

भीतीचे मूळ कोठे आहे ते शोधणे

आता मुख्य काम. ते अमूर्त पातळीवर समजावणे कठीण आहे, म्हणून एक उदाहरण सविस्तर घेऊ.

स्टीफन किंग यांची ‘पेट सेमेटरी’ ही कादंबरी 1983 साली प्रसिद्ध झाली. ती इतकी काळीकुट्ट झाली आहे असे त्यांना स्वतःलाच वाटत होते, की त्यांनी ती बाजूला ठेवून दिली होती, आणि प्रकाशकाशी असलेल्या कराराची पूर्तता करण्याच्या निमित्तानेच ती बाहेर आली. लुई क्रीड हा डॉक्टर पत्नी रेचल, मुलगी एली आणि लहानगा मुलगा गेज यांच्यासह अमेरिकेतल्या मेन राज्यातील एका गावी राहायला येतो. घरासमोरच्या रस्त्यावरून अवजड ट्रक भरधाव जात असतात. घरामागच्या रानात मुलांनी आपल्या मेलेल्या पाळीव प्राण्यांसाठी केलेली दफनभूमी आहे, आणि तिच्याही पलीकडे आणखी एक जुनी जागा आहे, जेथे पुरलेले परत येते, पण पूर्वीसारखे येत नाही. आधी एलीचे मांजर ट्रकखाली सापडते व परत येते. नंतर गेज ट्रकखाली सापडतो.

या सारांशावरून वाटेल, की भीती परत येणाऱ्यात आहे. कागदावर आठवणी लिहून पाहिल्या की वेगळेच चित्र दिसते. गेजच्या मृत्यूची बातमी किंग यांनी तो मरण्याच्या बऱ्याच आधी वाचकाला देऊन टाकलेली आहे: बापलेक माळावर पतंग उडवत आहेत, मूल खिदळते आहे, आणि निवेदक सहजपणे सांगून जातो, की या मुलाचे आयुष्य आता दोन महिनेही उरलेले नाही. तेथून पुढे प्रत्येक साध्या पानावर वाचकाचा जीव मुठीत असतो. अपघातानंतरचा भाग तर कथानकाच्या हिशेबाने जवळजवळ थांबलेला आहे. अंत्यदर्शनाच्या वेळी जावई आणि सासरा यांच्यात झटापट होते आणि त्यात शवपेटी खाली पडते. पुढे एका ठिकाणी बाप मुलाला शेवटच्या क्षणी ओढून घेतो, मुलगा वाचतो, मोठा होतो, ऑलिंपिकपर्यंत पोहोचतो, असे सगळे भविष्य लेखक आपल्यासमोर उलगडतो आणि मग ते काढून घेतो. रोज मृत्यू पाहणारा, त्याच्याशी तडजोड केलेला एक समंजस डॉक्टर या दुःखाने इतका पोखरला जातो, की जे करायला निघाला आहे ते भयंकर आहे हे पुरते ठाऊक असूनही तो ते करतो. आणि वाचकाला खरी धडकी भरते ती आपणही त्याच्या जागी हेच केले असते या जाणिवेने. परतलेले मूल हा त्या भीतीचा केवळ शेवट आहे, मूळ नव्हे.

हे एकदा निश्चित झाले, की 2019 साली केव्हिन कॉल्श आणि डेनिस विडमायर यांनी दिग्दर्शित केलेल्या चित्रपटाकडे वेगळ्या नजरेने पाहता येते. त्यात गेजऐवजी एली मरते. हा बदल झलकेतच फोडला गेला होता, आणि मूळ कादंबरीच्या चाहत्यांनी राग काढला तो मुख्यतः त्यावर. माझ्या मते तो राग चुकीच्या जागी निघाला. पुस्तकाच्या पानावर इवलेसे मूल भयंकर वाटू शकते, कारण ते वाचकाच्या डोळ्यांपुढे पुरते उभे राहत नाही. पडद्यावर मात्र प्रत्यक्ष बालक दिसते, आणि त्याच्या हातात शस्त्र दिले तरी ते गोंडसच दिसण्याचा धोका असतो. मेरी लँबर्ट यांनी 1989 साली केलेल्या चित्रपटाची पटकथा खुद्द किंग यांची होती आणि त्यात गेजच मरतो, तरीही त्या चित्रपटाला या अडचणीचा सामना करावा लागलाच. मोठी मुलगी बोलू शकते, आपण मेलो आहोत हे तिला कळू शकते, बापाला ती प्रश्न विचारू शकते. म्हणजे बदलामागे विचार होता, आणि परतलेली एली व बाप यांच्या एकदोन प्रसंगांत त्याची चुणूक दिसतेही.

चित्रपट फसतो तो दुसरीकडे. मृत्यू आणि थडगे उकरणे यांच्यामधला जो काळ कादंबरीने पानोपानी ताणला, तो येथे घाईने उरकला जातो. शोकाला वेळच न दिल्यामुळे बापाचा निर्णय वेडेपणाचा वाटतो, आपलासा वाटत नाही. मुलीच्या तोंडून येऊ शकला असता तो संवाद थोड्याच वेळात थांबतो आणि ती सुरी घेऊन माणसे मारत सुटते. शेवटी सारे कुटुंबच परतलेल्यांत सामील होते. हा शेवट चटकदार आहे, पण कादंबरीच्या शेवटी पुन्हा तीच चूक करून एकट्याने पत्त्यांचा डाव मांडून वाट पाहत बसलेल्या लुईची जी हतबलता आहे, तिचा येथे मागमूस नाही. सुरुवातीला प्राण्यांचे मुखवटे घातलेल्या मुलांची मिरवणूक दिसते. जाहिरातीत ती फार उठून दिसली, आणि कथेत तिला पुढे फारसे कामच उरत नाही. परीक्षणात अशा दृश्यावर बोट ठेवावे. जे दृश्य काढून टाकले तरी काहीच बिघडत नाही, ते भीतीसाठी योजलेले नसून भिंतीवरच्या पोस्टरसाठी योजलेले असते.

निष्ठा हे माप का पुरत नाही

मूळ कथेपासून किती दूर गेला यावरून चित्रपटाचे गुण कापण्याची पद्धत सोपी आहे, पण ती लवकरच तोंडघशी पाडते. किंग यांच्याच ‘द शायनिंग’ या 1977 च्या कादंबरीवर स्टॅन्ली क्युब्रिक यांनी 1980 साली केलेला चित्रपट त्यांना मुळीच रुचला नव्हता आणि ते त्यांनी उघडपणे सांगितले. कादंबरीत हॉटेलच्या बागेतली प्राण्यांच्या आकारात कापलेली झुडपे हलू लागतात. क्युब्रिक यांनी ती काढून हिरव्या कुंपणांचा चक्रव्यूह आणला. पुढे 1997 साली किंग यांच्या पटकथेवर दूरचित्रवाणीसाठी तीन भागांची मालिका झाली, तीत ती झुडपे परत आली, कथाही मूळ वळणावर आली, आणि संगणकावर हलवलेली ती झुडपे पाहून भीतीऐवजी अवघडल्यासारखे होते. पानावर भिववणारी गोष्ट पडद्यावर जशीच्या तशी आणणे ही निष्ठा असेल, पण तिने काम होतेच असे नाही.

याहून बोधप्रद जोडी शर्ली जॅक्सन यांच्या ‘द हाँटिंग ऑफ हिल हाऊस’ या 1959 च्या कादंबरीने दिली आहे, कारण तिच्यावरून ‘द हाँटिंग’ याच नावाचे दोन चित्रपट निघाले आणि पहिला जितका जमला तितकाच दुसरा फसला. कादंबरीची नायिका एलिनॉर ही एकटी, घुसमटलेली स्त्री आहे, आणि घर झपाटलेले आहे की तिचे मन, हे लेखिका शेवटपर्यंत ठरू देत नाही. एका रात्री अंधारात ती शेजारच्या मैत्रिणीचा हात घट्ट धरून पडते. उजेड होतो तेव्हा मैत्रीण खोलीच्या दुसऱ्या बाजूला असते. रॉबर्ट वाइज यांनी 1963 साली कृष्णधवल चित्रपटात हा प्रसंग राखला, भूत एकदाही दाखवले नाही, आणि एका बंद दरवाजाचे लाकूड आतल्या बाजूला फुगते एवढ्यावर अख्खा प्रसंग तोलला. यान द बाँट यांच्या 1999 च्या चित्रपटाने त्याच घरात संगणकाच्या मदतीने पुतळे, पलंग, छत असे सारे जिवंत केले, घराच्या मूळ मालकाला खलनायक भूत बनवले आणि एलिनॉरचे त्याच्या घराण्याशी नाते जोडून तिला लढायला एक कारण दिले. कोण करते आहे आणि का, याचे उत्तर मिळाल्याबरोबर भीती संपते. परीक्षण लिहिणाऱ्याने येथे पैसा, तंत्र, अभिनय यांवर परिच्छेद खर्च करण्याची गरज नाही. कादंबरीने जाणूनबुजून उघडी ठेवलेली शंका चित्रपटाने मिटवून टाकली, हे एक वाक्य पुरेसे आहे, फक्त ते प्रसंगाच्या आधाराने लिहिले पाहिजे.

मराठी वाचकाला यासाठी फार लांब जावे लागत नाही. राही अनिल बर्वे यांच्या 2018 च्या ‘तुंबाड’मागे नारायण धारप यांच्या कथेची प्रेरणा आहे, परंतु ती कथा जशीच्या तशी न आल्याची तक्रार सहसा कोणी करत नाही, कारण चित्रपटाने आपली भीती लोभावर उभी केली आणि सततच्या पावसापासून वाड्याच्या गर्भापर्यंत सारे त्या लोभाच्या सेवेला लावले. उलट रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथा वाचलेल्यांना ठाऊक असते, की तेथे भीती अनेकदा निवेदकाच्या सुरातच मुरलेली असते. अशी कथा पडद्यावर आणताना प्रसंग उचलून भागत नाही, त्या सुराला पर्याय शोधावा लागतो. कोणती कादंबरी कोणत्या जातीची आहे हे आपल्या त्या पहिल्या कागदावरून ओळखावे.

लिहिताना

टिपणाची सुरुवात कथानकाने करू नये. सात-आठशे शब्दांतले तीनशे त्यातच जातात. आधी कादंबरीच्या भीतीचे मूळ दोन-तीन वाक्यांत सांगावे, मग चित्रपटातला असा एकच प्रसंग निवडावा की जेथे ते मूळ सुटले, आणि तो नीट वर्णावा: कॅमेरा कोठे होता, आवाज केव्हा आला, प्रसंग किती लवकर संपला. “चित्रपटात कादंबरीची खोली नाही” हे वाक्य कोणत्याही चित्रपटाला चिकटवता येते. “मुलगी गेल्यानंतर बाप रडतो आणि जवळजवळ लगेच फावडे हातात घेतो, त्यामुळे तो तसे का करतो हे आपल्याला समजते, पण पटत नाही” हे वाक्य त्याच चित्रपटाचे असते. बदलांची यादी देण्याचा मोह टाळावा. जो बदल लांबीमुळे अपरिहार्य होता त्याला दोष देऊ नये. शेकडो पानांची कादंबरी दोन तासांत बसवताना उपकथानके गळणारच. जो बदल माध्यमाची अडचण ओळखून केला आहे त्याचे श्रेय, तो पुरता जमला नसला तरी, द्यावे. टीका राखून ठेवावी ती त्या बदलांसाठी, ज्यांच्यामुळे कादंबरीचा मूळ प्रश्नच नाहीसा झाला.

जे चांगले होते तेही नावानिशी लिहावे. 2019 च्या त्या चित्रपटात म्हातारा शेजारी जड याच्या भूमिकेत जॉन लिथगो आहेत, आणि त्यांच्या वाट्याला आलेल्या प्रसंगांत कादंबरीचा ओलावा काही काळ परत येतो. हे न लिहिले, तर उरलेली टीका आकसाची वाटते. शेवट उघड करायचा असल्यास आधी स्पष्ट सूचना द्यावी आणि तो भाग टिपणाच्या अखेरीस ठेवावा. प्रेक्षागृहात लोक हसले, हे पुरावा म्हणून वापरू नये. भयपटाला लोक घाबरूनही हसतात.

टिपण गटात वाचायचे असेल, मग ती बैठक कोणाच्या घरी असो वा मासुंदा तलावाच्या काठी, तर वाचण्याआधी कादंबरी न वाचलेल्या सदस्यांना बोलू द्यावे. त्यांना चित्रपट कोठे कंटाळवाणा वाटला आणि कोठे नाही, हे ऐकल्यावर आपली तक्रार चित्रपटाबद्दलची आहे की केवळ आपल्या आठवणींबद्दलची, हे बरेच स्पष्ट होते. एखादा प्रसंग त्यांनाही पोकळ वाटला असेल, तर आपले म्हणणे भक्कम आहे. त्यांना तो भिडला असेल, तर त्या परिच्छेदाची भाषा थोडी सौम्य करून त्यांचे मतही त्यात नोंदवावे. चित्रपट पाहून त्यांच्यापैकी कोणी पुस्तक मागितले, तर आनंदाने द्यावे, मात्र पतंगाच्या प्रसंगाविषयी त्यांच्याशी चकार शब्द काढू नये.